छायाचित्रणाचे कष्ट आणि सुख

पालघर जिल्ह्यांतील मोखाडा तालुक्यांत सूर्यमाळ म्हणून उंचावरचें एक गांव आहे. गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह तेथें गेलों असतां, त्यांपैकीं एकानें आपल्या भ्रमणध्वनीवर मावळत्या सूर्याचीं वीस-पंचवीस चित्रें उभ्या उभ्या टिपलीं. ना ओझें, ना घाम! हें सुख कोणाच्या शरीरकष्टांवर उभें आहे, असा विचार तेव्हां आमच्या मनांत आला.

१८५१ सालीं फ्रेडरिक आर्चर या इंग्रजानें ओल्या कलोडियनची कृति प्रसिद्ध केली. कांचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, आणि थर वाळण्यापूर्वीं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन तें धुवूनही काढावयाचें. डोंगरावर जावयाचें तर अंधाराचा तंबू, कांचा, बाटल्या व पाणी हें सारें बरोबर न्यावें लागे. आणि हें ओझें बहुधा हमालाच्या पाठीवर असे! तंबूंत ईथरची वाफ कोंडे, क्षारानें बोटें काळीं पडत, आणि चित्र पक्कें करण्यास पुष्कळ वेळां पोटॅशियम सायनाइडसारखें जालीम विष वापरीत. असें असूनही १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे वैद्यकी जाणणारे गृहस्थही या कलेंत रमले.

या जाचांतून सुटकेची वाट दाखविली तीही एका डॉक्टरानेंच. इंग्लंडांतील रिचर्ड मॅडॉक्स यांस ईथरची वाफ सोसेना. म्हणून त्यांनीं १८७१ सालीं कलोडियनऐवजीं जिलेटिन वापरून पाहिलें. त्यांतूनच पुढें कोरड्या कांचा निघाल्या, आणि १८८८ सालीं ईस्टमनचा हातांत मावणारा कोडॅक आला. आजच्या सुखाचें मूळ असें एका माणसाच्या दुखण्यांत आहे.

परंतु विष टळलें तरी शरीराचे कष्ट टळले नाहींत. मोखाड्याच्या पूर्वेस घाटमाथ्यावर त्र्यंबक आहे. तेथें १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटापूर्वीं गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. पुढें चलच्चित्रांच्या ध्यासापायीं त्यांनीं झोप सोडली, डोळ्यांस विसांवा दिला नाहीं, आणि कांहीं काळ त्यांची दृष्टिच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनीं ती परत आली, म्हणूनच १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांस दिसला.

आज वाफ नाहीं, विष नाहीं, ओझेंही नाहीं. तथापि पूर्वींचा छायाचित्रकार बरोबरच्या कांचांसाठीं तरी पाऊल जपून टाकी. आजच्यास तेवढाही धाक उरला नाहीं. त्या सायंकाळीं तो विद्यार्थी पडद्यावर नजर लावून उताराच्या कडेकडे मागें मागें सरत होता. आम्हांस हांक मारून त्यास थांबवावें लागलें. तो ओशाळला. मग यंत्र खिशांत घालून, सूर्य बुडेपर्यंत आमच्याजवळ बसून राहिला. सूर्यमाळेचा सूर्यास्त त्यानें पाहिला तो तेव्हांच.