कार्यरत व्यवस्थापकांचे परदेशी अध्ययन

व्यवसायात मुरलेल्या व्यवस्थापकाने पुन्हा विद्यार्थी व्हावे, ही कल्पना फारशी जुनी नाही. तरुण पदवीधर दोन वर्षे परदेशी राहू शकतो. कारखान्याची वा खात्याची धुरा वाहणाऱ्यास तेवढी उसंत नसते. म्हणून त्याच्या परदेशी अध्ययनाचा इतिहास हा मुख्यतः एकाच प्रश्नाचा इतिहास होय : शिष्याने विद्यापीठाकडे जावे, की विद्यापीठाने शिष्याकडे यावे?

या शिक्षणाला खरी चालना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळाली. १९४३ साली शिकागो विद्यापीठाने नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय अनुभवी व्यवस्थापकांसाठी केली. हार्वर्ड येथे युद्धकालीन पुनर्शिक्षणाच्या वर्गांतून १९४५ साली वरिष्ठ अधिकाऱ्यांचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आकारास आला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र उद्योगसंस्थांनीच पुढाकार घेतला. कॅनडातील ॲल्युमिनियम उद्योगाने १९४६ साली जिनिव्हा येथे आणि नेस्लेने १९५७ साली लोझान येथे शिक्षणसंस्था काढल्या. १९९० साली त्या एकत्र आल्या. दोहोंच्या संस्थापकांचा व्यापार अनेक देशांत पसरलेला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

भारताने दुसरा मार्ग धरला. इंग्लंडमधील हेन्ली येथे १९४८ पासून उद्योग व शासन या क्षेत्रांतील अधिकारी लहान गटांत बसून परस्परांच्या अनुभवातून शिकत असत. त्याच धर्तीवर १९५६ साली हैदराबादेत प्रशासकीय अधिकाऱ्यांचे महाविद्यालय स्थापन झाले. कोल्हापुरात जन्मलेले निवृत्त भूसेनाप्रमुख जनरल श्रीनागेश आरंभीच्या काळात त्याचे प्राचार्य होते. पुढे १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या संस्थेस हार्वर्डचे, तर १९६५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेस स्टॅनफर्डचे साहाय्य लाभले. येथे समुद्र ओलांडला तो प्रामुख्याने पद्धतीने. तथापि अमेरिकी कंपन्यांवर बेतलेली उदाहरणे भारतीय कारभाराला जशीच्या तशी लागू पडेनात. म्हणून येथील अध्यापकांना भारतीय उद्योगांचा अभ्यास करून नवी उदाहरणे सिद्ध करावी लागली. उसनवारीतून स्वतंत्र संशोधन निपजले, ही या मार्गाची मोठी जमेची बाजू होय.

विसाव्या शतकाच्या अखेरीस तिसरा पर्याय पुढे आला. शिकागोने १९९४ साली बार्सिलोना व २००० साली सिंगापूर येथे शाखा उघडल्या. २००१ साली न्यूयॉर्क, लंडन व पॅरिस या नगरांशी निगडित तीन संस्थांनी संयुक्त पदवी सुरू केली. तिचे वर्ग निरनिराळ्या देशांत थोड्या थोड्या दिवसांचे भरतात.

या मार्गाने अनुपस्थितीचा प्रश्न बव्हंशी सुटला, यात शंका नाही. परंतु मोल द्यावे लागले ते सहवासाच्या रूपाने. हेन्लीची शिकवण अशी की, अनुभवी माणसाचा खरा गुरू म्हणजे त्याच्या शेजारी बसलेला दुसऱ्या क्षेत्रातील सहाध्यायी. असा सहाध्यायी दोन आठवड्यांत भेटतो. पण उमगतोच असे नाही. म्हणून परदेशी अभ्यासक्रमाची पारख करताना त्यात किती देश पाहावयास मिळतात याहून, परक्या अनुभवाशी झगडण्यास किती अवधी मिळतो, हीच कसोटी अधिक ग्राह्य ठरते.