२०१६ एएफसी १६ वर्षांखालील अजिंक्यपद स्पर्धा

२०१६ एएफसी १६ वर्षांखालील अजिंक्यपद स्पर्धा ही आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) कुमार गटातील आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची १७वी आवृत्ती होती. ती १५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०१६ या कालावधीत गोव्यात खेळली गेली. भारताने या स्पर्धेचे यजमानपद प्रथमच भूषविले. सहभागी १६ संघांपैकी इराक, ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन हे पाच संघ अरब देशांचे होते. अंतिम सामन्यात इराणला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून इराकने या वयोगटातील आपले पहिले आशियाई विजेतेपद मिळविले.

पार्श्वभूमी

या स्पर्धेचा आरंभ १९८५ साली कतारमध्ये झाला. प्रारंभीच्या काळात तिच्यावर अरब संघांचा मोठा प्रभाव होता. सौदी अरेबियाने १९८५ व १९८८ मध्ये, कतारने १९९० मध्ये, तर ओमानने १९९६ व २००० मध्ये विजेतेपद पटकावले. सौदी अरेबियाचा कुमार संघ १९८९ साली स्कॉटलंडमध्ये भरलेल्या जागतिक स्पर्धेचाही विजेता ठरला. मुलांच्या या वयोगटात विश्वविजेतेपद मिळविणारा तो आजवरचा एकमेव आशियाई संघ आहे. २००० नंतर मात्र जपान, उत्तर कोरिया यांसारख्या पूर्व आशियाई संघांचे बळ वाढले आणि अरब संघांच्या वाट्याला १६ वर्षे एकही अजिंक्यपद आले नाही.

गोव्यातील स्पर्धेला आणखी एक महत्त्व होते. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार होता. यजमान म्हणून भारताचा प्रवेश आधीच निश्चित असल्याने आशियातील उर्वरित चार जागा गोव्यात ठरणार होत्या. त्यामुळे उपांत्यपूर्व सामन्यांना अंतिम सामन्याइतकेच मोल आले होते; तो सामना जिंकणाऱ्या संघाला वर्षभराने पुन्हा भारतात खेळण्याची संधी मिळणार होती.

१ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडूच स्पर्धेस पात्र होते. जन्मनोंदी विश्वासार्ह नसलेल्या देशांमुळे वयाचा प्रश्न कुमार फुटबॉलमध्ये नेहमीच वादाचा राहिला आहे. त्यावर उपाय म्हणून फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली.

मैदाने

सामने दोन मैदानांवर झाले. मडगावजवळील फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८९ साली खुले झाले असून गोव्यातील फुटबॉलचे ते प्रमुख केंद्र मानले जाते. दुसरे मैदान पणजीनजीक बांबोळी येथे, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात आहे. २०१४ मध्ये गोव्यात पोर्तुगीजभाषक देशांच्या ल्युसोफोनिया क्रीडास्पर्धा झाल्या, त्यांच्या निमित्ताने ते सिद्ध करण्यात आले.

साखळी फेरी

संघांची चार गटांत विभागणी करण्यात आली होती आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ बाद फेरीत जाणार होते. जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम यांच्या मार्गदर्शनाखालील भारताला अ गटात इराण, सौदी अरेबिया व अमिराती यांच्याशी खेळावे लागले. पहिल्या सामन्यात अमिरातीकडून भारत २–३ असा पराभूत झाला, दुसऱ्यात सौदी अरेबियाशी ३–३ अशी बरोबरी झाली आणि तिसरा सामना इराणने ३–० असा जिंकला. एका गुणावर भारताचे आव्हान संपले. दोन अरब संघांविरुद्ध मिळून पाच गोल करणाऱ्या संघाची आघाडीची फळी दुबळी म्हणता येणार नाही. त्याच दोन सामन्यांत सहा गोल स्वीकारणारा बचाव ही खरी उणीव होती. या गटातून इराण आणि अमिराती पुढे गेले.

क गटात इराक व ओमान हे दोन्ही अरब संघ पात्र ठरले आणि २०१४ चा उपविजेता दक्षिण कोरिया बाहेर फेकला गेला. स्पर्धेतील हा सर्वांत अनपेक्षित निकाल होता. ड गटातील येमेनला बाद फेरी गाठता आली नाही. तथापि, युद्धामुळे देशांतर्गत स्पर्धा बंद पडलेल्या राष्ट्राचा संघ आशियातील पहिल्या सोळांत होता, ही गोष्टही दखलपात्र आहे. ब गटात जपानने तिन्ही सामने मोठ्या फरकाने जिंकले. त्या संघात ताकेफुसा कुबो हा १५ वर्षांचा खेळाडू होता. पुढे २०१९ मध्ये तो रेआल माद्रिदमध्ये दाखल झाला.

बाद फेरी

उपांत्यपूर्व फेरीत इराकने उझबेकिस्तानला २–० असे, इराणने व्हिएतनामला ५–० असे, तर जपानने अमिरातीला १–० असे हरविले. ओमानने गतविजेत्या उत्तर कोरियाला १–१ असे रोखले, परंतु शूटआऊटमध्ये त्याची हार झाली आणि विश्वचषकाची जागा हुकली.

उपांत्य फेरीत इराकची गाठ जपानशी पडली. मोहम्मद दाऊद या आघाडीपटूच्या तीन गोलांच्या बळावर इराकने हा सामना ४–२ असा जिंकला. दुसऱ्या बाजूने इराणने उत्तर कोरियाला शूटआऊटमध्ये नमविले. २ ऑक्टोबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात एकही गोल झाला नाही. शूटआऊट इराकने ४–३ असे जिंकले. सहा गोल करणारा दाऊद स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

इराकचे प्रशिक्षक कहतान चथीर होते. सुरक्षेच्या कारणास्तव त्या काळात इराकला मायदेशी अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने खेळविण्याची मुभा नव्हती. अंतिम सामन्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी मोसुल शहर परत घेण्याची लढाई सुरू झाली. बसरा, करबला व अर्बिल येथे अधिकृत सामने घेण्याची परवानगी फिफाने २०१८ मध्ये दिली.

२०१७ चा विश्वचषक

इराक, इराण, जपान आणि उत्तर कोरिया हे चार संघ पुढील वर्षी भारतात परतले. इराकने कोलकात्यात मेक्सिकोशी १–१ अशी बरोबरी साधली, चिलीला ३–० असे हरविले आणि पुढे विश्वविजेता ठरलेल्या इंग्लंडकडून ०–४ अशी हार पत्करली. उपउपांत्यपूर्व फेरीचा त्याचा सामना १७ ऑक्टोबर २०१७ रोजी पुन्हा गोव्यात, फातोर्डा येथे झाला. ज्या राज्यात इराकने आशियाई अजिंक्यपद मिळविले होते, तेथेच मालीने त्याला ५–१ असे नमवून स्पर्धेबाहेर केले. इराणला मात्र फातोर्डा मानवले. तेथे त्याने जर्मनीला ४–० असे हरविले आणि पुढे मेक्सिकोवरही मात केली.

भारताने २०१७ च्या आरंभी प्रशिक्षक बदलला. पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस यांच्या मार्गदर्शनाखालील संघ दिल्लीत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंग याने केलेला गोल हा फिफा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल होय. या संघात कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव आणि अमेरिकेत वाढलेला मुंबईचा बचावपटू नमित देशपांडे यांचा समावेश होता. मुरगूड, कागल यांसारख्या गावांतून कुस्तीचा वरचष्मा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात शहराचा मुख्य खेळ मात्र फुटबॉल आहे. पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालमींचेच तेथे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरील त्यांच्या सामन्यांना मोठी गर्दी होते.

१६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत भारताने २००२ प्रमाणेच २०१८ मध्येही उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०२० ची नियोजित स्पर्धा कोविड-१९ च्या साथीमुळे रद्द झाली आणि २०२३ पासून ही स्पर्धा १७ वर्षांखालील गटासाठी भरविली जाते.