२६ जानेवारी : दोन महिने थांबलेली राज्यघटना

२६ जानेवारीला आपण काय साजरे करतो, असे विचारले तर शाळेतले मूलही सांगेल की या दिवशी आपली राज्यघटना अमलात आली. उत्तर बरोबर आहे. पण घटना तर २६ नोव्हेंबर १९४९ लाच मंजूर झाली होती. २ वर्षे, ११ महिने आणि १८ दिवसांच्या कामानंतर संविधान सभेने ती स्वीकारली. नागरिकत्व, निवडणुका अशी काही कलमे त्याच दिवशी लागू झाली. मग बाकीच्या घटनेसाठी देश दोन महिने का थांबला?

त्यासाठी वीस वर्षे मागे, लाहोरला जावे लागते. १९२८ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात काँग्रेसने सरकारला एक वर्षाची मुदत दिली होती. मागणी होती वसाहतीच्या स्वराज्याची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहूनच मिळणाऱ्या स्वराज्याची. मुदत संपली, पदरात काही पडले नाही. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला चाळीस वर्षांचे जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठी तिरंगा फडकला.

पण ठराव अधिवेशनाच्या मंडपात राहून चालणार नव्हता, तो गावोगाव पोहोचायला हवा होता. म्हणून जानेवारीचा शेवटचा रविवार ठरला : २६ जानेवारी १९३०. त्या दिवशी देशभर लोक जमले आणि त्यांनी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. गांधीजींचे सांगणे लक्षात घेण्यासारखे आहे. सभेत भाषणे नकोत, फक्त प्रतिज्ञा वाचा. उरलेला दिवस सूतकताई, अस्पृश्यतानिवारण, हिंदू-मुस्लिम ऐक्य, दारूबंदी अशा कामांत घालवा. पुढे दीड-दोन महिन्यांतच दांडीयात्रा निघाली.

तेव्हापासून १९४७ पर्यंत आपला स्वातंत्र्यदिन २६ जानेवारीलाच असे. राज्य इंग्रजांचे होते, तरी लोक दरवर्षी प्रतिज्ञा घेत राहिले.

मग १५ ऑगस्ट कुठून आला? ती तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती. स्वातंत्र्य मिळाले, पण तारीख आपण निवडलेली नव्हती. जी आपण निवडली होती, ती मागे पडली असती. ती विसरली जाऊ नये म्हणून घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आणायचे ठरले. त्या सकाळी दिल्लीत भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली आणि डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. दुपारी आयर्विन स्टेडियमवर संचलन झाले. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो प्रमुख पाहुणे होते. आज आपण टीव्हीवर पाहतो ते संचलन राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावर, १९५५ पासून कायमचे होऊ लागले.

पण घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तारखेचे नाव घेऊन इशारा दिला होता. २६ जानेवारीपासून आपण एका विसंगतीत पाऊल टाकत आहोत, असे ते म्हणाले. राजकारणात समता असेल, प्रत्येकाच्या मताचे मोल सारखे असेल. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील.

म्हणून या दिवसाला दोन बाजू आहेत. १९३० ची प्रतिज्ञा परक्या सत्तेपासून मुक्त होण्याची होती आणि ती पुरी झाली. १९५० ला आपण न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा शब्द दिला, आणि तो एकमेकांना दिला. त्याचा हिशेब इंग्रजांकडे मागता येत नाही.

तुम्ही पुण्यात असा, इंदूरला, बडोद्याला किंवा बंगळुरूला असा, येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर घरातल्या मुलांबरोबर उद्देशिका एकदा मोठ्याने वाचा. दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि वाचून झाल्यावर मुलांना विचारा, यातले काय झाले आणि काय राहिले? जय हिंद!