तिकीट नंबर ज्याचा, मदत त्याची

मागच्या बैठकीत हप्ते लिहून झाले, चहा आला, तेवढ्यात आमच्या गटातल्या एका आजींनी पिशवीतून एक जुनं कार्ड काढलं. कडा कुरतडलेल्या, शाई फिकी, पण तिकीट नंबर वाचता येत होता. त्यांच्या मालकांचं गिरणीतलं हजेरी कार्ड. "हे अजून चालतं का गं?" त्यांनी विचारलं. एक नवी सून म्हणाली, "कुठली गिरणी, मसाल्याची?" आम्ही सगळ्या हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. म्हणून आजचं बोलणं या कार्डाबद्दल.

डिंभे आणि माणिकडोहची धरणं होण्याआधी आपल्या जुन्नर-आंबेगावात शेती पावसाच्या भरवशावर होती. पश्चिमेला भात, पूर्वेला बाजरी, आणि वरखर्चाला मुंबई. कुणी मार्केटात हमाली केली, कुणी डबे पोचवले (मुंबईचे डबेवाले आपल्याच बाजूचे, हे सांगायला नको), तर कुणी परळ-लालबागच्या गिरण्यांत लागले. गावकीच्या एका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवायला घालायच्या खाणावळवाल्या बायका, आणि गावाकडं शेत, म्हातारी माणसं, गुरं बघायची ती बायकोच. मनीऑर्डर आली की उधारी फेडायची. या तिघांच्या कामावर गिरणी चालायची, पण पगारपत्रकावर नाव एकाचंच.

असं नेहमीच नव्हतं. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ पाचवा हिस्सा बायका होत्या. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्या जास्त. रात्रपाळीला बायकांना ठेवता येत नव्हतं, १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, नवी यंत्रं आली, आणि मालकांना बाई महाग वाटू लागली. एकेक खातं पुरुषांकडं गेलं. १९८२ पर्यंत गिरणीत बायका फार थोड्या उरल्या होत्या.

त्या वर्षी १८ जानेवारीला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं. शिवाय १९४६ च्या कायद्यानं एकाच युनियनला बोलणी करायचा हक्क होता, तो मोडायचा होता. संप लांबला तसे हजारो गडी गावी परतले. एवढा मोठा संप इतके दिवस टिकला तो गावाच्या धान्यावर. आमच्या आजी सांगतात, सुगीला त्यांच्या घरी एकाऐवजी चार पुरुष जेवायला होते आणि मजुरीला त्या एकट्याच जात होत्या. मुंबईत खाणावळवाल्यांनी उधारीवर जेवायला घातलं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकारापासून सोडवण्यासाठी. आपले बचत गट त्या मंडळाचे धाकटे भाऊबंदच म्हणायचे.

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरत गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारनं मुंबईतल्या तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला. बाकीच्या काही कमी माणसांवर सुरू झाल्या. परत कामावर न घेतलेले कितीतरी जण घरीच बसले.

मग मदत आली. केंद्र सरकारनं १९८५ साली नवं कापड धोरण आणलं आणि १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी सुरू केला. हिशेब असा: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी २५ टक्के, पुढं काही नाही. हजार रुपये पगार धरला तर महिन्याला साडेसातशे, मग पाचशे, मग अडीचशे. कागद वाचताना अटींपाशी आम्ही थांबलो. गिरणी सरकारदरबारी कायमची बंद झालेली हवी. तिथं सलग पाच वर्षं नोकरी झालेली हवी. दुसरीकडं नोकरी लागली की पैसे बंद. आता बघा, ज्याची गिरणी थोड्या माणसांवर का होईना चालू होती, तो बेकार असून या मदतीत बसत नव्हता. रोज फाटकावर उभं राहून काम मिळालं तर करणारा बदलीवाला सलग पाच वर्षं कुठून दाखवणार? या निधीचा लाभ सर्वांत जास्त गुजरातच्या कामगारांना झाला, संप झालेल्या मुंबईला कमी. २०१७ साली ही योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मिसळून टाकली.

अमेरिकेत अशी मदत १९६२ पासून होती. परदेशी मालामुळं काम गेलं तर तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा. मंजूर झाला तर काही काळ पैसे आणि नवं काम शिकण्याचा खर्च. २००३ साली तिथल्या कानापोलिस गावातली चादरी-टॉवेलांची मोठी गिरणी बंद पडली, तेव्हा शाळा अर्धवट सोडलेल्या कितीतरी कामगारांना पुन्हा वर्गात बसावं लागलं. तेही सोपं नव्हतं. पण तिघांनी मिळून अर्ज करण्याची गोष्ट आम्हाला आवडली. आपल्याकडं प्रत्येकानं आपापला कागद घेऊन फिरायचं.

नंतर गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या झाल्या. १९९१ च्या नियमात जमिनीचा मोठा वाटा मैदानांना आणि घरांना द्यायचा होता. २००१ च्या बदलानं तो आकसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. जे उरलं त्यातून कामगारांना घरं. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर जो कामावर होता तो पात्र. तो नसेल तर त्याचे वारस. म्हाडाची पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली, ६,९२५ घरांची. २०२० पर्यंतच्या सगळ्या सोडती धरून १५,८७० घरं होतात. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास.

आजींचा अर्ज त्यातलाच एक. त्यांचा कागद एका कार्यालयातून परत आला. कार्डावर मालकांचं आडनाव म्हणून गावाचं नाव लागलंय आणि रेशनकार्डावर खरं आडनाव. भरती करणाऱ्या मुकादमानं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जे लिहिलं ते आता बाईनं खोटं ठरू न देता दुरुस्त करायचं. खाणावळवालीला तर दाखवायला कार्डही नाही. तिची उधारी बुडाली ती बुडालीच.

तुमच्या घरात जुनी पेटी असेल तर उघडून बघा. हजेरी कार्ड, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची किंवा ग्रॅच्युइटीची चिठ्ठी, काहीही सापडलं तर लॅमिनेशन करू नका, जुनी शाई खराब होते. दोन झेरॉक्स काढा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. मंगळवारी आम्ही चौघी आजींबरोबर दोन नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला तालुक्याला जाणार आहोत. सकाळची एसटी धरायची आहे, ज्यांना यायचंय त्यांनी आदल्या दिवशी सांगा.