नमन व शक्ती-तुऱ्याची भित्तिपत्रके (गुहागर)

गुहागर परिसरातील नमन-खेळे आणि जाखडी (शक्ती-तुरा) यांच्या प्रयोगांची रंगीत जाहिरात. शिमग्यात खेळे दारोदार फिरत, गौरी-गणपतीत अंगणात जाखडीचा फेर धरला जाई. मृदंगाची थाप वाडीभर ऐकू गेली की माणसे आपसूक जमत. चाकरमान्यांनी खेळ मुंबईच्या नाट्यगृहांत नेला आणि तिकीट लावले, तेव्हा पत्रकावाचून भागेना. परळचे दामोदर नाट्यगृह (१९२२, पुनर्विकासासाठी २०२३मध्ये बंद) हे अशा प्रयोगांचे हक्काचे घर होते.

पत्रकाच्या माथ्यावर ग्रामदेवता ‘प्रसन्न’ असते. खाली जाड, सावली दिलेल्या अक्षरांत ‘बहुरंगी नमन’ आणि वगनाट्याचे नाव. शक्ती-तुऱ्याच्या पत्रकाचे सरळ दोन भाग पडतात: एकीकडे शक्तीवाले शाहीर, दुसरीकडे तुरेवाले, दोघेही फेटा बांधून समोरासमोर. वाद असतो शक्ती श्रेष्ठ की शिव असा. भाषा मात्र कुस्तीच्या फडातली, ‘जंगी सामना’. उरलेल्या जागेत गायक, ढोलकीवाला, कोरस, मंडळाचे पदाधिकारी, तिकिटासाठी फोन नंबर. फ्लेक्स आणि मोबाइल आल्यावर ही दाटी आणखी वाढली. कलाशिक्षकाला ती खटकेल, पण लग्नपत्रिकेतल्या ‘आपले विनीत’सारखी ती वाचायची असते. नाव सुटले तर रुसवा ठरलेला.

व्यावसायिक मराठी नाटकाची वाट वेगळी. तिथे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वृत्तपत्रातील जाहिरातींसाठी नाटकाच्या नावाच्या अक्षरांतूनच त्याचा स्वभाव उभा केला.

जपानी आरेखनकार इक्को तानाका (१९३०–२००२) यांनी पारंपरिक नृत्याच्या कार्यक्रमासाठी १९८१मध्ये केलेले ‘निहोन बुयो’ हे भित्तिपत्रक तर दुसऱ्या टोकाचे. चौकोनांच्या जाळीवर मोजक्या भौमितिक आकारांतून नर्तकीचा चेहरा, थोडा मजकूर, बस्स.

असा आकार गुहागरकडे आयता आहे. नमनातला संकासुर: काळा वेष, उंच निमुळती टोपी, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरू. नुसती काळी छाया छापली तरी इथले पोर त्याला ओळखेल. पत्रकावर मात्र तो बरेचदा एखाद्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंमागे टोपीपुरता दिसतो.