मधुमेह आणि बहिरेपणा आईकडून एकत्र येतात तेव्हा: मायटोकॉन्ड्रियातील टीआरएनएचा दोष

तुमचे वजन बेताचेच आहे, तरी तिशी-चाळिशीत मधुमेह झाला. त्याच सुमारास दोन्ही कानांनी कमी ऐकू येऊ लागले. आईला आणि मामालाही हाच त्रास होता. असे असेल तर योगायोग समजून सोडून देऊ नका. यामागे मायटोकॉन्ड्रियातील एक छोटा आनुवंशिक दोष असू शकतो.

टीआरएनए म्हणजे काय?

पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा मायटोकॉन्ड्रिया तयार करतात. त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात ३७ जनुके असतात: १३ प्रथिनांची, २ रायबोसोमल आरएनएची आणि २२ ट्रान्सफर आरएनएची, म्हणजेच टीआरएनएची. प्रथिने अमिनो आम्ले एकापुढे एक जोडून बनतात. ही आम्ले योग्य जागी वाहून नेणारा हमाल म्हणजे टीआरएनए.

एन्झाइम त्याला कसे ओळखते?

हमालाच्या पाठीवर योग्य पोते चढवण्याचे काम सिंथेटेज नावाची एन्झाइम्स करतात. ल्युसिनचे एन्झाइम फक्त ल्युसिनच्या टीआरएनएलाच ल्युसिन जोडते. ही ओळख दोन गोष्टींवरून पटते: टीआरएनएच्या ठरावीक जागांवरची अक्षरे आणि घडी पडून तयार झालेला त्याचा आकार. मायटोकॉन्ड्रियातील बरेच टीआरएनए पेशीतील इतर टीआरएनएपेक्षा मुळातच नाजूक घडणीचे असतात. म्हणून एका अक्षराचा फरकही महागात पडू शकतो.

एका अक्षराने काय बिघडते?

मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत सुमारे १६,५६९ अक्षरे असतात. त्यातील ३२४३ व्या जागी ‘ए’ऐवजी ‘जी’ आले, तर ल्युसिनच्या एका टीआरएनएची घडी सैल पडते. मग सिंथेटेज त्याला नीट ओळखत नाही आणि ल्युसिन कमी जोडले जाते. या टीआरएनएवर टॉरिनची खूण बसवणारी एन्झाइम्सही त्याला चुकवतात, त्यामुळे संदेश वाचण्यात अडचण येते. प्रथिने अपुरी पडतात आणि ऊर्जा घटते. जास्त ऊर्जा लागणाऱ्या स्वादुपिंड, कान, मेंदू, हृदय आणि स्नायूंना याचा फटका बसतो.

हा बदल १९९० साली मेलास या आजारात आढळला. त्यात कमी वयात पक्षाघातासारखे झटके येतात, फिट्स येतात. १९९२ साली हाच बदल मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र असलेल्या कुटुंबांत सापडला.

एकाच घरात त्रास वेगवेगळा का?

प्रत्येक पेशीत चांगला आणि सदोष डीएनए मिसळलेला असतो. हे प्रमाण प्रत्येक भावंडात आणि प्रत्येक अवयवात वेगळे असते. त्यामुळे एकाला फक्त कमी ऐकू येते, तर दुसऱ्याला मेंदूचा आजार होतो. हा दोष आईकडून सर्व मुलांकडे जाऊ शकतो. वडिलांकडून तो पुढे जात नाही.

दोष एन्झाइममध्येच असेल तर?

ही एन्झाइम्स बनवणारी जनुके पेशीच्या केंद्रकात असतात आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. ल्युसिनच्या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर पेरॉल्ट सिंड्रोम होऊ शकतो. त्यात मुलामुलींना बहिरेपणा येतो आणि मुलींची पाळी सुरूच होत नाही किंवा लवकर बंद होते. मामेबहिणीसारख्या जवळच्या नात्यात लग्न झाले असेल, तर अशा आजारांची शक्यता वाढते.

तपासणी कोणती?

३२४३ चा बदल जनुकीय तपासणीत कळतो. वयानुसार रक्तातील सदोष डीएनएचे प्रमाण घटत जाते. म्हणून रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी शंका असेल तर लघवीचा नमुना तपासतात.

तुम्ही काय करावे?

- डॉक्टरांना आईकडील नातेवाइकांचे आजार सविस्तर सांगा.
- निदान झाले असेल तर मेटफॉर्मिनबद्दल विचारा. या रुग्णांत त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती असते. पण गोळी स्वतःहून बंद करू नका.
- फिट्ससाठी औषध लागले तर व्हॅल्प्रोएट देण्याआधी डॉक्टरांना या दोषाची कल्पना द्या.
- कान, डोळे, हृदय आणि मूत्रपिंडाची नियमित तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र पुरेसे पडत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो.
- मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा.

अचानक फिट येणे, दिसेनासे होणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा उलट्यांसह तीव्र डोकेदुखी असे काही झाले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

हा दोष मुळापासून बरा करणारा उपचार आज नाही. पण निदान वेळेत झाले तर चुकीची औषधे टळतात आणि भावंडांचीही वेळीच तपासणी होते. आईने कुणाला काही ‘दिले’ असे समजून तिला दोष देऊ नका. तिलाही तो असाच मिळालेला असतो.