विद्राव्य सीडी४ ग्राही

मानवी टी-लसीका कोशिकांच्या पृष्ठभागावरील सीडी४ या ग्राही प्रथिनाचा, पुनःसंयोजित डीएनए तंत्राने तयार केलेला विद्राव्य भाग. एड्सवरील औषध म्हणून तो अयशस्वी ठरला. मात्र संशोधनाचे साधन म्हणून त्याचे महत्त्व टिकून राहिले.

सीडी४ हे प्रामुख्याने साहाय्यक टी-कोशिकांवर आढळते व प्रतिजन ओळखण्याच्या कार्यात त्यांना मदत करते. या प्रथिनाचे चार घटक कोशिकेबाहेर असतात, एक भाग कोशिकापटलातून आरपार जातो आणि आखूड शेपूट आत राहते. १९७९ च्या सुमारास बॉस्टन येथे एलिस राइनहर्ट्‌स व स्ट्यूअर्ट श्लॉसमन यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने ते ओळखले. त्यावेळी त्यास ‘टी४’ म्हणत. सीडी ही नामपद्धती १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेपासून रूढ झाली.

एड्सचा व्हायरस १९८३ मध्ये पॅरिस येथे सापडला. सीडी४ला चिकटणारी प्रतिपिंडे वापरली असता या व्हायरसाचा कोशिकेतील प्रवेश थांबतो, असे १९८४ मध्ये लंडन व पॅरिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले. सीडी४ हाच व्हायरसाचा ग्राही असल्याचे त्यावरून सिद्ध झाले. १९८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पॉल मॅडन, रिचर्ड ॲक्सेल व सहकाऱ्यांनी त्याच्या जीनाची प्रत वेगळी करून तिचा क्रम निश्चित केला. या प्रतीतून पटलात रुतणाऱ्या भागाची माहिती वगळली, तर कोशिका उरलेले प्रथिन बाहेर स्रवते. या युक्तीने १९८७ मध्ये जेनेन्टेक या कंपनीतील डग्लस स्मिथ व सहकाऱ्यांनी आणि लगेच इतर प्रयोगशाळांनीही विद्राव्य सीडी४ मिळविले. व्हायरस या मोकळ्या ग्राहींना चिकटेल व कोशिका वाचतील, ही त्यामागील कल्पना होती. परीक्षानळीत ती खरी ठरली.

रुग्णांवरील पहिल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. द्रव्य सुरक्षित आढळले; परंतु रक्तात ते फार काळ टिकत नसे व व्हायरसावर त्याचा लक्षणीय परिणाम झाला नाही. त्याच वर्षी एरिक डार, डेव्हिड हो व सहकाऱ्यांनी याचे कारण दाखविले. प्रयोगशाळेतील वाणांच्या तुलनेने रुग्णांपासून थेट मिळविलेल्या व्हायरसांना रोखण्यास २०० ते २,७०० पट अधिक सीडी४ लागत होते. दीर्घकाळ कृत्रिम संवर्धनात वाढविलेले वाण मूळ व्हायरसाहून वेगळे झाले होते. त्यांच्यावरून बांधलेले अनुमान रुग्णाला लागू पडले नाही. तेव्हापासून नव्या प्रतिपिंडांची व लशींची परीक्षा रुग्णांपासून मिळविलेल्या व्हायरसांवर घेण्यावर भर देण्यात येऊ लागला.

प्रयोगशाळेत मात्र या द्रव्याने मोलाचे ज्ञान दिले. १९९८ मध्ये पीटर क्वाँग, वेन हेंड्रिक्सन व सहकाऱ्यांनी व्हायरसाच्या आवरणातील जीपी१२० या प्रथिनाचा गाभा, सीडी४चे पहिले दोन घटक आणि प्रतिपिंडाचा तुकडा यांच्या संयुक्त स्फटिकाची संरचना उलगडली. सीडी४ जीपी१२० वरील खोलगट जागेत बसते, हे त्यातून दिसले. या बंधानंतर जीपी१२० चा आकार बदलून दुसऱ्या, सहायक ग्राहीला चिकटणारी जागा उघडी पडते. हे रूप घडवून आणण्यासाठी विद्राव्य सीडी४ अद्याप वापरतात.

सीडी४ रक्तात अधिक काळ टिकावे म्हणून १९८९ मध्ये डॅनिएल केपन व सहकाऱ्यांनी ते प्रतिपिंडाच्या स्थिर भागाला जोडले होते. ग्राही व प्रतिपिंड यांच्या अशाच जोडणीतून बनलेल्या इटानर्सेप्ट या औषधास १९९८ मध्ये अमेरिकेत संधिवाताभ संधिशोथासाठी मान्यता मिळाली.